नेक्सॉन ईव्ही, जुनी ३०.२ वाली: गाडीचा नाही, बॅटरीचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, सनरूफ, टचस्क्रीन, डिकीत किती बॅगा बसतात यातलं काहीही इथे नाहीये, त्याचे यूट्यूबवर ढीगभर व्हिडिओ पडलेत. मी फक्त गाडीच्या पोटाखाली बसवलेल्या त्या पेटीबद्दल लिहिणार आहे, कारण ईव्हीमध्ये आपण खरे पैसे त्या पेटीचे मोजतो, बाकीची गाडी तिच्यासोबत येते. माझी म्हणजे पहिल्या पिढीची नेक्सॉन ईव्ही, जानेवारी २०२० मध्ये १३.९९ लाखापासून आलेली तीच, ३०.२ किलोवॅट-अवर म्हणजे आपल्या वीजबिलाच्या भाषेत तीस युनिटची बॅटरी, आणि बॅटरीवर ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमीची वॉरंटी. राहतो पुण्यात, ऑफिस हिंजवडीला, सासुरवाडी साताऱ्याला, मुंबई कामापुरती. आता बाजारात ४५, ५५, ७९ युनिटच्या गाड्या आल्या आणि ओळखीतला प्रत्येक जण माझ्या गाडीकडे बघून एकच विचारतो, "बॅटरी टिकली का रे?" टिकली. पण का टिकली ते नीट सांगायला हवं, कारण त्यात माझी काळजी घेण्याची हौस वगैरे फार कामाला आलेली नाही, आत कुठलं केमिकल भरलंय आणि त्याला थंड कसं ठेवलंय यावर सगळं अवलंबून आहे, आणि नेमकं तेच शोरूममध्ये कोणी विचारत नाही, सगळे विचारतात "फुल चार्जवर किती जाते?"

तर आधी रेंजचं उरकून टाकू म्हणजे डोकं मोकळं होईल. ब्रोशरवर ३१२. हा आकडा एआरएआयच्या टेस्टचा, म्हणजे आपल्या कोथरूडच्या टेकडीवरची गाड्या तपासणारी तीच संस्था, जिच्या मागे निम्मं पुणं सकाळी फिरायला जातं. त्या टेस्टमध्ये फसवाफसवी काही नाही, पण ती टेस्ट रोलरवर होते, एसी बंद असतो, वेग कधी वाढवायचा कधी कमी करायचा ते ठरलेलं असतं आणि त्यात गाडी ९० च्या पुढे जातच नाही. आता एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता साताऱ्याला एसी बंद ठेवून कोण जातं सांगा. मला गावात दोनशे-सव्वादोनशे मिळतात, हायवेला शंभरने हाणली तर पावणेदोनशे धरून चालायचं. पेट्रोल गाडीवरून आलेला माणूस इथे गडबडतो कारण त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की हायवेला ॲव्हरेज वाढतं. इथे उलटं. सिग्नलला उभी राहिली तर मोटर काहीच खात नाही आणि ब्रेक मारला की थोडी वीज परत येते, त्यामुळे गावातली रडतखडत ट्रॅफिक तिला मानवते, आणि हायवेला मात्र हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ८० चे १२० केले की विरोध सव्वादोनपट. कंपन्यांनाही हे ठाऊक आहे, टाटाने २०२४ पासून एआरएआयच्या जोडीला प्रत्यक्षात किती मिळेल त्याचा वेगळा आकडा द्यायला सुरुवात केली, ४५ युनिटवाल्या नेक्सॉनला टेस्टचा आकडा ४८९ आणि त्यांचा स्वतःचा दुसरा आकडा साडेतीनशेच्या आसपास. हे मला आवडलं, सगळ्यांनीच करावं.

घाटाबद्दल फार अफवा आहेत म्हणून एक हिशोब देऊनच टाकतो. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत आपण साधारण पाचशे मीटर वर चढतो. गाडी १४०० किलो, चौघं आणि बॅगा धरून १७००. शाळेत होतं ना, वस्तुमान गुणिले जी गुणिले उंची, ते केलं की उत्तर सव्वादोन-अडीच युनिटच्या मध्ये येतं, मोटरमध्ये जाणारा तोटा धरा, पावणेतीन म्हणा. तीस युनिटमधले पावणेतीन म्हणजे नऊ टक्के. बस, एवढाच घाटाचा जास्तीचा खर्च, बाकी रस्त्याचं जे काय लागतं ते सपाटीवरही लागलंच असतं. पण स्क्रीनवर उरलेल्या किलोमीटरचा आकडा घाटात इतका धाडधाड खाली येतो की शेजारी बसलेली व्यक्ती देवाचं नाव घ्यायला लागते, कारण गाडी मागच्या काही किलोमीटरचा खर्च बघून पुढचं भविष्य सांगते आणि तिला काय माहीत की लोणावळ्यानंतर रस्ता सपाट आहे. टक्के बघा, किलोमीटर बघू नका. आणि उतरताना यातला बऱ्यापैकी भाग परत मिळतो, पण एक अट आहे, बॅटरीत जागा हवी. लोणावळ्याला चिक्की घेत बसून १०० टक्के चार्ज केला आणि लगेच घाट उतरायला घेतला तर आलेली वीज ठेवायची कुठे, मग गाडी रिजन, म्हणजे वेग कमी करताना वीज परत घेणं, जवळजवळ बंद करते आणि सगळा भार ब्रेकवर येतो, पहिल्यांदा पायाखाली ते जाणवलं की माणूस दचकतो. वर ऐंशीला थांबा.

रिजनवरून आठवलं, या पहिल्या मॉडेलमध्ये रिजन कमीजास्त करायची सोयच नाही, जे आहे ते आहे. मे २०२२ मध्ये ४०.५ युनिटची नेक्सॉन मॅक्स आली तिच्यात लेव्हल दिल्या. ब्रेकला हात न लावता नुसत्या ॲक्सिलरेटरवर गाडी चालवायची मजा ज्याने घेतलीये त्याला जुनी गाडी अडाणी वाटेल.

आता मुद्द्याचं. या पेटीत जे सेल आहेत ते एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. दुसरी मोठी जात एनएमसी, त्यात निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट. एनएमसी वजनाला हलकी, तेवढ्याच किलोत जास्त वीज मावते, म्हणून युरोप-अमेरिकेतल्या लांब रेंजच्या गाड्या बरीच वर्षं तिच्याच मागे होत्या आणि एलएफपीला सगळे स्वस्तातली, जड, चायनीज बसला ठीक आहे असं म्हणून नाक मुरडायचे. ही एलएफपी मुळात अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या लॅबमध्ये निघाली, १९९७ च्या त्या पेपरवर पहिली दोन नावं पाधी आणि नंजुंडस्वामी आहेत, म्हणजे आपलीच माणसं, गुडइनफ यांचं नाव तिसरं. गुडइनफ यांना २०१९ मध्ये ९७ व्या वर्षी नोबेल मिळालं, इतक्या वयात ते आजवर कोणालाच मिळालेलं नाही. असो, सांगायचं हे की या केमिकलमध्ये ऑक्सिजन फॉस्फरसला घट्ट चिकटून बसलेला असतो, सेल तापला तरी तो सहजासहजी सुटत नाही. निकेल-कोबाल्टवाल्यात जास्त तापलं की तो सुटतो आणि मग आगीला बाहेरच्या हवेचीही गरज पडत नाही, आतल्या आत सोय. आपल्याकडे गाडी उन्हात दिवसभर पार्क असते, डांबर पन्नास-साठ अंशांनी तापलेलं, त्यामुळे पन्नास किलोमीटर रेंज कमी पडली तरी चालेल पण हा आडदांड सेल बरा असं माझं मत, आणि ते गाडी घेतानाही होतं. चार्जिंगच्या आवर्तनांतही एलएफपी जास्त टिकते, आणि कोबाल्ट नाही म्हणजे काँगोच्या खाणीतल्या पोरांचा प्रश्न निदान या गाडीपुरता तरी नाही.

म्हणजे एलएफपी पेटतच नाही असं नाही हं. जून २०२२ मध्ये वसईत एक नेक्सॉन ईव्ही पेटली, व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरला, केंद्र सरकारने चौकशी लावली. त्या आठवड्यात मला किती जणांनी तो व्हिडिओ पाठवला विचारू नका, आमच्या फॅमिली ग्रुपवर आत्याने तर खाली हात जोडलेली इमोजी टाकून पाठवला. त्याच उन्हाळ्यात ई-स्कूटर पेटायच्या बातम्या लागोपाठ आल्या होत्या, आणि त्यानंतर बॅटरीच्या टेस्टचे नियम कडक झाले, गाड्यांसाठी एआयएस-०३८ आणि दुचाकीसाठी एआयएस-१५६, डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू. त्यात एक कलम मला फार पटलं, एका सेलने गडबड केली तर गाडीतल्या माणसांना उतरायला वेळ मिळाला पाहिजे, तशी वॉर्निंग हवी. नवीन गाडी घेताना निदान हे सगळं झालेलं असतं, माझी त्याच्या आधीची.

थंड ठेवण्याचा विषय. २०१० च्या डिसेंबरमध्ये निसान लीफ आली, जगभर मोठ्या प्रमाणावर खपलेल्या पहिल्या इलेक्ट्रिक गाड्यांपैकी एक, २४ युनिटची बॅटरी, पण पॅकला, म्हणजे त्या पेटीला, पाण्याचं कूलिंग नाही, आत पंखासुद्धा नाही, जी काय हवा बाहेरून लागेल ती. जपानात, इंग्लंडमध्ये ठीक चाललं. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये, जिथे उन्हाळ्यात ४५ च्या वर जातं, तिथे २०१२ पर्यंत लोकांच्या डॅशबोर्डवरच्या बॅटरीच्या बारा दांड्यांमधल्या दोन-तीन गायब व्हायला लागल्या, कोर्टकचेरी झाली आणि शेवटी निसानने नऊ दांड्यांच्या खाली गेली तर ५ वर्षं किंवा ६० हजार मैलांपर्यंत आम्ही बघू अशी वॉरंटी दिली. त्याच महिन्यात आलेली शेवरोले व्होल्ट, ती प्लग-इन हायब्रिड, म्हणजे प्लगने चार्ज होणारी आणि पेट्रोल इंजिनही असलेली, तिने उलटा मार्ग धरला होता, बॅटरी १६ युनिटची पण वापरायला देणार जेमतेम साडेदहा, बाकीची वर-खाली राखीव, आणि पाण्याचं कूलिंग. वजन वाया, पैसे वाया असं तेव्हा लोक म्हणाले, पण त्या बॅटऱ्या मस्त टिकल्या. प्लग-इन हायब्रिडला हे करणं भागच असतं, छोटी बॅटरी रोज पूर्ण भरायची, रोज पूर्ण रिकामी करायची, मोठ्या बॅटरीच्या मानाने तिची आवर्तनं भराभर होतात.

नेक्सॉनला लिक्विड कूलिंग आहे. मे महिन्यात हायवेवरून येऊन फास्ट चार्जरला लावली की पुढच्या बाजूने पंखा आणि पंप घुरघुरायला लागतो, गाडी बंद, आत कोणी नाही आणि आवाज चालू, पार्किंगमधला वॉचमन दरवेळी विचारतो "साहेब, एसी चालू राहिलाय का?" तो एसीच आहे एका अर्थी, बॅटरीसाठी. त्यात थोडी वीज जाते, जाऊ दे. माझ्या मते ईव्ही घेताना पहिला प्रश्न हाच विचारायचा, पॅकला लिक्विड कूलिंग आहे का, आणि सेल्समन अडखळला तर त्याला टेक्निकल माणूस बोलवायला सांगायचा.

एलएफपीची एक खोड आहे आणि ती नव्याने गाडी घेणाऱ्या नव्वद टक्के लोकांना कोणी सांगत नाही. या सेलचा व्होल्टेज जवळजवळ सपाट असतो, ऐंशी टक्के भरलेला असो की तीस टक्के, ३.२-३.३ च्या आसपासच. त्यामुळे व्होल्टेज बघून आत किती वीज उरलीये हे गाडीच्या कॉम्प्युटरला, म्हणजे बीएमएसला, कळत नाही, तो आत किती गेली बाहेर किती आली याची वही मांडून अंदाज करतो आणि वहीत रोज थोडी चूक साठत जाते. फक्त पार वरच्या टोकाला व्होल्टेज एकदम उचल खातो, तिथे त्याला खात्री पटते की हां, हे शंभर. म्हणून कायम ऐंशीला थांबा हा मोबाईलवाला सल्ला इथे डोळे मिटून पाळायचा नाही. टेस्लाने शांघायमधल्या मॉडेल ३ मध्ये एलएफपी घातली तेव्हा मालकांना सांगितलं की आठवड्यातून एकदा तरी शंभर करा. मी रोज ऐंशी-पंच्याऐंशीला सोडतो आणि शनिवारी रात्री स्लो चार्जरवर पूर्ण भरतो.

एका मित्राने ओबीडीचा डोंगल, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे मोबाईलवर दाखवणारी डबी, आणला होता म्हणून एका शनिवारी आम्ही दोघं पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून मोबाईलवर हे सगळं लाइव्ह बघत बसलो (बायकोचं मत: वेडे आहात). गाडीला तीनशेच्या वर व्होल्ट हवे आणि एक सेल ३.२ चा, म्हणजे शंभरेक सेल एकामागे एक जोडलेले. नव्वद टक्क्यांपर्यंत सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सेल यात व्होल्टच्या हजारातल्या काही भागांचाच फरक, पडद्यावर आकडे हलतही नव्हते. मग ९७-९८ नंतर दोन-तीन सेल पुढे पळाले, ३.४५, ३.५, बाकीचे मागे, आणि चार्जरने करंट कमी कमी करत नेला. ९९ वर गाडी जी अडकली ती बराच वेळ तिथेच. पंगतीत शेवटच्या पानावर वरण वाढून होईपर्यंत पहिला माणूस हात आवरून बसतो ना, तसे ते पुढे गेलेले सेल थांबतात, त्यांची जास्तीची वीज बीएमएस छोट्या रेझिस्टरमधून जिरवत राहतो आणि मागचे हळूहळू वर येतात. याला म्हणतात बॅलन्सिंग. ते फास्ट चार्जरवर नीट होत नाही, घाईत प्लग काढला तरी होत नाही. "९९ वर अडकते, खराब आहे वाटतं" म्हणून कोणी तक्रार केली की मला राहवत नाही, अरे बाबा ती तिचं काम करतेय, झोप जाऊन.

बाकी डोंगल गाडीत कायम लावून ठेवू नका, काम झालं की काढा.

आता सोसायटीतले काका. प्रत्येक सोसायटीत असतात. "अहो, आठ वर्षांनी बॅटरी गेली की सहा-सात लाख, गाडी भंगारात." काका, बॅटरी अशी एका रात्रीत जात नाही, ती आटते. शंभराची पंच्याण्णव, मग नव्वद, सुरुवातीला जरा पटकन आणि मग सावकाश. आणि बिघाड झाला तर बहुतेक वेळा एखादं मॉड्यूल (सेलचा एक डबा), एखादा कॉन्टॅक्टर (बॅटरी जोडणारा-तोडणारा स्विच), सेन्सर किंवा बोर्ड जातो, सगळी पेटी नाही, फक्त ते उघडून दुरुस्त करणारे कुशल लोक अजून आपल्याकडे कमी आहेत ही खरी अडचण. किमतीचं म्हणाल तर जगभरातला सरासरी दर २०१० च्या सुमारास किलोवॅट-अवरला हजार डॉलरच्या वर होता, २०२४ मध्ये ब्लूमबर्गच्या सर्व्हेत ११५ डॉलर आला. तीस युनिटचे त्या हिशोबाने तीन लाखाच्या आत होतात. सुट्या पार्टची किंमत याच्यापेक्षा जास्तच लागणार, त्यात ड्यूटी, जीएसटी, डीलरचं मार्जिन सगळं आलं, पण दिशा कुठली आहे ते बघा. काकांना हे सगळं सांगितलं, ते म्हणाले, "बघू." आणि त्याच काकांनी कमिटीत माझ्या चार्जिंग पॉइंटला सगळ्यात जास्त वेळ आडकाठी केली होती, वायर लांबून येणार, आग लागेल, कॉमन लाइटचं बिल वाढेल, एनओसी मिळेपर्यंत पार दमलो. स्वतःच्या मीटरवरून वायर, वेगळा एमसीबी, वीज गळली की लाइन तोडणारा आरसीसीबी आणि नीट अर्थिंग, एवढं केलं की विषय संपतो. अर्थिंगमध्ये कंजूषी करू नका, जुन्या बिल्डिंगांमध्ये ते नुसतं नावाला असतं आणि गाडी चार्जिंगच घेत नाही, दोष मात्र गाडीला.

आणि हो, रस्त्यात उभी राहिलेली ईव्ही बघितली की लोक म्हणतात बॅटरी संपली. बऱ्याचदा ती मोठी बॅटरी नसतेच. बहुतेक ईव्हींत एक साधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते, बऱ्याचदा लेड-ॲसिड, लॉक, स्क्रीन, कॉम्प्युटर आणि मोठ्या बॅटरीचा कॉन्टॅक्टर ओढायला. ती मेली की खाली पंचवीस युनिट भरलेले असून गाडी डोळे उघडत नाही. गाडी महिनाभर उभी ठेवणार असाल तर तिचं बघा, तीन-चार वर्षांनी मुकाट बदलून टाका, पैसे पेट्रोल गाडीच्या बॅटरीइतकेच.

चार्जिंगचं नेटवर्क हा बॅटरीचा दोष नाही तरी लिहितोच, कारण राग आहे. सातारा रोडवर एका हॉटेलच्या आवारातला चार्जर, नाव लिहीत नाही, ॲपवर हिरवा दाखवतो, तिथे गेलं की स्क्रीन काळी. हॉटेलवाला म्हणतो आमचा संबंध नाही, हेल्पलाइनवाला म्हणतो सर, एकदा रिस्टार्ट करून बघा, अरे मी काय रिस्टार्ट करू, कुलूप लावलेल्या पेटीत आहे ते. आणि वॉलेटमध्ये टाकलेले पैसे तिथेच पडून. प्रत्येक कंपनीचं वेगळं ॲप, वेगळं वॉलेट, माझ्या फोनमध्ये त्यांचाच एक फोल्डर झालाय. दर घरच्यापेक्षा दुपटीने, वर १८ टक्के जीएसटी. जुन्या नेक्सॉनवाल्यांना एक विनंती, आपली गाडी ० ते ८० ला तासभर घेते म्हणजे तासाला २४-२५ युनिट, तेवढाच तिचा घास, तेव्हा शेजारी ३० किलोवॅटचा चार्जर मोकळा असेल तर १२० वाल्यावर लावून मागच्याची अडवणूक करू नका. घरी १५ अँपियरच्या सॉकेटवर रात्रभरात भरते, ३.३ किलोवॅटचा चार्जर, तीस भागिले ३.३, नऊ तास, रात्री दहाला लावा सकाळी विसरा. रोजचं चालवणं शंभरच्या आत असेल तर बाहेर चार्ज करायची वेळच येत नाही.

हायब्रिडवाल्यांनी इथे येऊन "आमची आपोआप चार्ज होते" म्हणू नये, प्लीज. हायक्रॉस, ग्रँड विटारा वगैरे स्ट्राँग हायब्रिड आहेत, त्यांना प्लग नाही, ग्रँड विटाराची बॅटरी एक युनिटचीही नाही, आणि सगळी ऊर्जा शेवटी पेट्रोलमधूनच येते. ॲव्हरेज झकास मिळतं हे मान्य. खरी प्लग-इन हायब्रिड, जी रोज चाळीस-पन्नास किमी विजेवर आणि गावाला पेट्रोलवर, ती आपल्याकडे परवडणाऱ्या किमतीत कोणी आणलीच नाही. चीनमध्ये बीवायडीने २००८ मध्येच पहिली विकायला काढली आणि आज तिथे अशा गाड्या रग्गड खपतात. साताऱ्याच्या पुढे कोकणात उतरणाऱ्या लोकांसाठी ती फार सोयीची झाली असती.

आता नवीन काय घ्यावं विचाराल तर बॅटरीच्या बाजूने बघता हल्ली सगळं बरंच पुढे गेलंय. महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई, चाकणला बनतात, ५९ आणि ७९ युनिट, त्यात बीवायडीचे लांबट ब्लेड सेल, तेही एलएफपीच, म्हणजे ज्या केमिकलला लोक नाक मुरडायचे त्यावर आता मोठ्या एसयूव्ही चालतायत. सेल मधल्या डब्यांत न भरता थेट पॅकमध्ये रचले की जागा वाचते आणि एलएफपीचा जडपणाचा तोटा बराच भरून निघतो. एमजी विंडसर सप्टेंबर २०२४ मध्ये आली तेव्हा बॅटरी भाड्याने, गाडी ९.९९ लाख आणि किलोमीटरला साडेतीन रुपये. हा आकडा छोटा दिसतो, पण महिन्याला पंधराशे किमी चालवा, सव्वापाच हजार झाले, त्यात चार्जिंगची वीज वेगळी. कमी चालवणाऱ्याने एकदा कागदावर मांडून बघावं, जास्त चालवणाऱ्याने बॅटरीसकट घ्यावी. आणि लाइफटाइम वॉरंटी! विंडसरने दिली, महिंद्राने दिली, २०२५ मध्ये टाटानेही ४५ वाल्या नेक्सॉनला दिली. चांगलंच आहे, पण ती पहिल्या मालकापुरती असते, आणि लाइफटाइम म्हणजे किती वर्षं, किती टक्क्यांच्या खाली गेली तर बदलून देणार, टॅक्सी पासिंगला लागू आहे का, हे सगळं बारीक अक्षरात असतं. ते बारीक अक्षर बुकिंगच्या आधी मागून घ्या, मेलवर.

सोडियम-आयनचीही चर्चा ऐकली असेल, लिथियमऐवजी मिठातलं सोडियम. आपल्या पुण्यातच केपीआयटी या गाड्यांच्या सॉफ्टवेअरवाल्या कंपनीने आयसर पुणे या विज्ञान संस्थेबरोबर काम करून डिसेंबर २०२३ मध्ये त्यांचं तंत्रज्ञान जाहीर केलं. वजनाच्या मानाने वीज कमी मावते त्यामुळे लांब पल्ल्याच्या कारला लगेच येईल असं मला वाटत नाही, रिक्षा, टेम्पो, स्कूटर, सोलरची साठवण यांना आधी येईल. पण कच्चा माल बाहेरून आणायला लागत नाही ही मोठीच गोष्ट, कारण आज माझी गाडी रांजणगावची, पॅक टाटा ऑटोकॉम्पने इथे बांधलेला, आणि आतले सेल चीनचे. साणंदला टाटांचा अग्रतास हा सेलचा कारखाना उभा राहतोय, बघू.

स्टार द्यायचेच तर बॅटरीला पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो रिजनला लेव्हल नाहीत आणि बॅटरीची तब्येत किती टक्के आहे हे गाडी स्वतःहून मालकाला दाखवत नाही म्हणून. फोनसुद्धा दाखवतो आता.

शेवटी सेकंडहँडचं, कारण मेसेज त्याचेच जास्त येतात, २०२०-२१ च्या गाड्या आता स्वस्तात निघतायत. रेंजच्या आकड्यावर आणि विकणाऱ्याच्या शपथेवर जाऊ नका. त्याला म्हणा आधी एकदा स्लो चार्जरवर पूर्ण शंभर कर, म्हणजे मघाशी सांगितलेली वही ताळ्यावर येते. मग गाडी दहा टक्क्यांपर्यंत चालवा, आणि सबमीटर असलेल्या पॉइंटवर परत शंभरपर्यंत भरा. तीस युनिटचे नव्वद टक्के म्हणजे सत्तावीस, चार्जिंगमधला दहा-बारा टक्के तोटा धरला की मीटरवर तीसच्या आसपास दिसायला हवेत. माझ्या गाडीचे याच्यापेक्षा दोनेक युनिट कमी भरतात, वयाच्या मानाने मी खूश आहे. पंचवीसच्या खाली दिसले तर भाव पाडा किंवा सोडून द्या. वॉरंटीचे किती महिने आणि किती किमी उरलेत ते बघा, ती तुमच्या नावावर ट्रान्सफर होते का ते लेखी घ्या, आणि गाडी रॅम्पवर चढवून खालून टॉर्च मारा, स्पीडब्रेकरला पेटीचा तळ घासून चेपला असेल तर ते वॉरंटीत बसत नाही. एवढ्यासाठी एक रात्र आणि एक सकाळ जाते. विकणारा त्याला तयार नसेल तर पुढची गाडी बघा, भरपूर आहेत.